फलाट क्रमांक चार आणि माझी डावी पोटरी

प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. पनवेल बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत गेली अकरा वर्षे विनातक्रार बसणारी एक डावी पोटरी काही अपरिहार्य कारणामुळे आज नियोजित वेळेवर हलणार नाही. हललीच, तर कुठे थांबेल हे सांगता येणार नाही. पोटरीच्या मालकाच्या घरच्यांना, मित्रांना आणि उरण गाडीची वाट पाहणाऱ्या समस्त मंडळींना झालेल्या गैरसोयीबद्दल मालक दिलगीर आहे.

मालक म्हणजे मी. नव्वद सालानंतरच्या एका उन्हाळ्यातली ही हकिगत. तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो आणि स्टँडवर कंट्रोलर होतो. कागदोपत्री माझं काम गाड्या कधी आल्या, कधी सुटल्या याची नोंद करण्याचं. पण ते काम कुणीही केलं असतं. माझं खरं काम माईकवर. तरुणपणी गणपतीतल्या नाटकांत मी भालदार-चोपदारांच्या भूमिका पुष्कळ केल्या, पण प्रेक्षक माझ्या वाक्याच्या आधीच चहाला उठायचे. स्टँडवर तसं नव्हतं. गाडी येईपर्यंत इथला श्रोता उठून जाऊच शकत नाही. असं प्रेक्षागृह नशिबाला आल्यावर मी काय सोडतो? साधी पेण गाडी मी अशी जाहीर करायचो, की महाराजच दरबारात येत आहेत.

आता जे लिहितो आहे ते गमतीखातर कमी आणि उपयोगासाठी जास्त. पायात गोळे येणारी माणसं घरोघर आहेत. त्यातली निम्मी माझ्यासारखी गप्प बसतात. त्यांनी हे वाचावं, आणि पोटरी धरून का होईना, उठून दवाखान्यात जावं.

हिराबाई

आजाराआधी एका बाईंची ओळख करून द्यायला हवी. हिराबाई उरणजवळच्या करंजाच्या. सकाळी सुकट-बोंबलाची पाटी घेऊन पनवेलच्या बाजारात यायच्या आणि दुपारी तीनच्या उरण गाडीनं परत जायच्या. अकरा वर्षांत त्यांचा आणि माझा एक संवाद ठरलेला होता. मी माईकवर सगळे सूर लावून सांगायचो, "उरणकडे जाणारी गाडी, गव्हाण फाटा, जासई मार्गे, फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे." शेवटचा शब्द भोंग्यातून विरायच्या आत रिकामी पाटी काखेत मारलेल्या हिराबाई खिडकीत.

"दादा, उरनची गारी लागली काय?"

"मावशी, आत्ताच तर सांगितलं."

"सांगितलांव? बरा. कंच्या फलाटाव?"

"दोन."

"बरा."

रोज. सुट्टीच्या दिवशी मी नसलो तरच चुकायचं. मी ठरवून टाकलं होतं, की बाईंना ऐकू कमी येतं. एकदा तर मी त्यांना कानाच्या डॉक्टरचा पत्ताही चिठ्ठीवर लिहून दिला. त्यांनी चिठ्ठी वाचली नाही, पण माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. ती दया कशाची होती ते कळायला मला एक आजारपण खर्ची घालावं लागलं.

चपलेची नाडी

पहिला गोळा आला तो केबिनच्या पायऱ्या उतरताना. पोटरीत आत कुणीतरी मूठ आवळली आणि ती सोडायला तयार नाही, असं. मिनिटभरात गेला. दुसऱ्या आठवड्यात तीनदा आला. मग रोज, कधी डाव्या पायात, कधी दोन्हीत, खुर्चीवरून उठताना, आंघोळीच्या दगडावर, देवासमोर बसल्यावर. सोबत एक थकवा. स्टँडवरून घरी जाताना तळ्यापर्यंत आलो की पाय ओल्या पोत्यासारखे जड व्हायचे.

शहाणा माणूस अशा वेळी घरात सांगतो. मी सांगितलं नाही, आणि त्याला कारण होतं.

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, साखरेचा आजार होता. त्यांचंही असंच पोटरीतल्या गोळ्यांनी सुरू झालं. मग पाय बधिर झाला, मग अंगठ्याला जखम झाली, ती भरेना, मग मुंबईचं इस्पितळ. तिथून ते परत आले ते एका पायानं. डावा पाय गेला. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. त्यांच्या चपलांचा जोड आईनं उंबऱ्यापाशी तसाच ठेवला. उजवी झिजत गेली आणि डावी नवीच राहिली. अण्णा गेल्यानंतरही ती डावी चप्पल बरीच वर्षं तिथं होती.

त्यामुळे माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला की मला गोळा दिसायचाच नाही, ती चप्पल दिसायची. दवाखान्यात गेलं की डॉक्टर नाव घेणार, आणि एकदा नाव घेतलं की पुढचं सगळं ठरलेलं. म्हणून मी नाटक करायचं ठरवलं. त्यात माझा हात कोण धरणार? गोळा आला की मी काहीतरी खाली पडल्याचं दाखवायचो आणि वाकून पोटरी चोळायचो. माझ्या बायकोनं, नलूनं, दोनतीनदा पाहिलं.

"काय करताय खाली?"

"चपलेची नाडी बांधतोय."

"चपलेला नाडी कधीपासून असते?"

मी हसून वेळ मारून नेली. असे सहा महिने काढले. आज त्याची लाज वाटते, पण भीती वाटणारा माणूस किती कल्पक होतो याचंही नवल वाटतं.

जाहीर प्रयोग

मग एका दुपारी सगळं उघड्यावर आलं, आणि तेही भोंग्यावरून.

एप्रिलचं ऊन. स्टँडवर लग्नसराईची गर्दी. मी पेण गाडी जाहीर करत होतो. "पेणकडे जाणारी साधी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे. ही गाडी पळस्पे, शिरढोण, कर्नाळा..." इथं डाव्या पोटरीत गोळा आला, आणि तो उतरायच्या आत उजवीतही आला. माईकचं बटण माझ्या मुठीत आवळलेलं राहिलं. त्यामुळे पुढचं सगळं पनवेलनं ऐकलं: "आई गं, मेलो, अरे कुणीतरी या, मेलो."

खुर्चीसकट आडवा होताना मला काचेतून बाहेरचं दिसत होतं. सगळं स्टँड स्तब्ध उभं होतं आणि एकूण एक माणूस वर भोंग्याकडे बघत होता. केबिनकडे एकही नाही. पेण गाडीचा ड्रायव्हर खाली उतरला आणि तोही भोंग्याकडे बघत उभा राहिला.

केबिनमध्ये सगळ्यात आधी आल्या त्या हिराबाई. त्या तशाही खिडकीकडेच निघाल्या होत्या. त्यांनी पाटी खाली ठेवली, माझी चप्पल काढून फेकली, अंगठा धरला आणि माझ्याच नाकाकडे वर ओढला.

"पाय ताठ ठेव. वाकवू नको. पान्यान उभा राह्यला का आमच्या मानसांना बी असाच व्हतंय. अंगठा वर वरायचा."

पोटरी हळूहळू सुटली. मग त्यांनी दुसरा पाय घेतला. कुठलंही पुस्तक न वाचता त्यांनी केलेला हा उपाय पुढे डॉक्टरबाईंनीही मला जसाच्या तसा शिकवला. पाय सुटल्यावर मला रडू येत होतं, आणि हिराबाईंनी पदरानं हात पुसत विचारलं, "उरन लागली काय रं?"

दोन कंडक्टरांनी मला रिक्षात घातलं. मी दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा नलू आधीच पायरीवर उभी होती. आमच्या शेजारीण सुमनताई लग्नाला निघाल्या होत्या आणि स्टँडवरच होत्या. त्या लग्नाला जायच्याऐवजी घरी धावल्या. माझ्या बायकोला माझा आजार असा कळला.

साखर

दवाखाना तळ्याजवळचा, दहा खाटांचा. डॉक्टरबाई तिशीच्या, मुंबईत शिकून आलेल्या, बोलायला मऊ आणि विचारायला चिवट. रक्तदाब घेतला तर वाढलेला निघाला. कार्डिओग्राम काढला आणि तो त्यांनी जरा जास्त वेळ पाहिला. मग रक्त घेतलं. साखरेचा रिपोर्ट इथंच दोन तासांत मिळणार होता, बाकीच्या तपासण्यांसाठी रक्त मुंबईला जाणार होतं.

ते दोन तास मी कधी विसरणार नाही. खाटेखाली माझ्या चपला होत्या. मी डाव्या चपलेकडे बघत पडून होतो. सिस्टर कागद घेऊन आल्या. डॉक्टरबाईंनी वाचला आणि सहज म्हणाल्या, "साखर अगदी व्यवस्थित आहे."

मी रडायला लागलो. साधं नाही, हुंदके देऊन. नलू घाबरली.

"अहो, चांगलं सांगतायत त्या. रडताय काय?"

मग मी सगळं सांगितलं. गोळे, अण्णा, चप्पल, नाडी. नलू ऐकत होती. तिनं मला पाणी दिलं, चादर नीट केली आणि खिडकीपाशी जाऊन बसली. मी एक-दोन विनोद करून पाहिले. ते पडले.

डबा उघडताना ती शेवटी बोलली. "सहा महिने तुम्ही हे एकटे घेऊन फिरलात. आणि मला भोंग्यावरून कळायचं? मी काय पॅसेंजर आहे?"

आजारी माणसानं लपवलेली गोष्ट घरच्यांना आजारापेक्षा जास्त लागते, हे मी त्या दिवशी शिकलो. आपण त्यांना चिंतेपासून वाचवतोय असं आपल्याला वाटतं. त्यांना वाटतं, आपल्याला बाहेर ठेवलं.

केळं नाही, दही नाही

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुंबईचा रिपोर्ट आला. रक्तातलं पोटॅशियम बरंच खाली गेलं होतं.

डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढून समजावलं. मिठासारखाच हाही शरीराला रोज लागणारा क्षार. फळं, भाज्या, डाळी, शहाळं यांतून मिळतो. तो कमी पडला की स्नायू आखडतात, दुबळे होतात. मी म्हटलं, पायाचंच आहे ना मग. त्या म्हणाल्या, "काका, हृदय हाही स्नायूच आहे. म्हणून तुम्हाला घरी सोडत नाहीये."

मग चौकशी सुरू झाली. त्या विचारत होत्या आणि लिहीत होत्या.

"केळं खाता?"

"नाही. आवाज बसतो."

"दही, ताक?"

"छे. आवाजाला वाईट."

"शहाळं?"

"थंड पडतं."

"पेरू, संत्रं, चिकू?"

"घसा धरतो."

"पालेभाजी?"

"पानं घशाला चिकटतात, असं मला वाटतं."

"पाणी किती पिता?"

इथं मी जरा चाचरलो. पाणी प्यायलं की उठावं लागतं. उठलं की माईक भोसलेच्या हातात जातो. भोसले हा दोन वर्षांपूर्वी आलेला माझा सहकारी. मनानं भला, पण नाकातून बोलणारा. त्याच्या तोंडून अलिबाग गाडी ऐकली की वाटायचं, गाडीला सर्दी झाली आहे. त्यामुळे आठ तासांच्या ड्यूटीत माझं पाणी म्हणजे नऊ कटिंग चहा. बाहेर घामाच्या धारा, आत चहा.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि मग खाता काय?"

"नुसता तूप-भात, पोळी, चहा, बिस्किटं," नलूनं उत्तर दिलं. "सहा वर्षं आमच्या घरात दही लागलेलं नाही. विरजण लावलं तर हे दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात."

"औषधं कुठली चालू आहेत? गोळ्या, चूर्णं, काढे, काहीही."

"काही नाही," मी छातीवर हात ठेवून सांगितलं. आणि मी खोटं बोलत नव्हतो. पुढचे दोन दिवस याच उत्तरानं वाया घालवले.

दवाखान्यातले दिवस

पोटॅशियमचं औषध पातळ असतं. त्याची चव कशी, तर गंजलेल्या डब्यात संत्र्याची साल आठवडाभर भिजवली तर जी येईल तशी. दिवसातून तीनदा. सिस्टर समोर उभ्या राहून पाजत. पहाटे थर्मामीटर, मग फिनेलचा वास, मग राऊंड, मग शहाळं. तिसऱ्या घोटाला मला शहाळं आवडायला लागलं, पण मी चेहऱ्यावर दाखवलं नाही.

दुपारी जेवणाची गाडी आली की मी खाटेवरूनच जाहीर करायचो, "वरण-भाताची गाडी फलाट क्रमांक दोनवर येत आहे. पथ्यवाल्या प्रवाशांनी पापड मागू नये." सगळे हसायचे. गोळे कमी झाले होते, पण गेले नव्हते. आणि हसता हसता पोटरीत आत मूठ हलली की मी चादरीखाली अंगठा नाकाकडे ताणायचो.

चौथ्या दिवशीचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. इतकं औषध पोटात जाऊनही पोटॅशियम जेमतेम हललं होतं.

"हे आत जातंय तितकंच बाहेर पडतंय," त्या म्हणाल्या. "काका, खरं सांगा. चोरून काही घेता का? जुलाबाचं औषध? लघवीची गोळी?"

नलूला ते लागलं. "यांना चोरून काही जमत नाही हो. साधी नाडी बांधता येत नाही चोरून."

डॉक्टरबाई रिपोर्ट घेऊन तशाच आठ्यांनी गेल्या. त्या चेहऱ्यानं मी फार घाबरलो. कारण सापडत नाही म्हणजे ते मोठंच असणार. अण्णांचंही आधी सापडलं नव्हतं.

इब्राहिमभाई

त्याच दुपारी इब्राहिमभाई भेटायला आले. बाजारात त्यांचं अत्तरांचं आणि काष्ठौषधींचं जुनं दुकान. पांढरी दाढी, अंगाला कायम वाळ्याचा वास. माझे जिवलग. त्यांनी माझा हात हातात घेऊन दुआ केली, आणि मग खिशातून एक पुडी काढली.

"वसंतभाऊ, घरचा माल आहे. अस्सल. दवाखान्यात घसा कोरडा पडतो. तब्येत होईल ठीक, पण आवाज जपा."

मी कृतज्ञतेनं पुडी उघडली, एक कांडी गालात धरली. तेवढ्यात डॉक्टरबाई आत आल्या. त्या रिपोर्ट पुन्हा पाहायला आल्या होत्या, आणि पाहत होत्या माझ्या चेहऱ्याकडे.

"काका, गाल का सुजलाय?"

"कुठे सुजलाय? हा असाच असतो."

"आल्यापासून असाच आहे. मला दातांचं काहीतरी वाटलं होतं. तोंड उघडा."

मी उघडलं.

"हे काय आहे?"

"हे होय? ज्येष्ठमध."

वाचकहो, मी शपथेवर सांगतो, त्या क्षणापर्यंत ही वस्तू सांगण्यासारखी आहे असं मला वाटलंच नव्हतं. माईकवर बसलो त्या पहिल्या दिवशी इब्राहिमभाईंनीच एक कांडी दिली होती. गाणारे, कीर्तन करणारे, सगळे चघळतात. तेव्हापासून माझा डावा गाल कधी रिकामा राहिला नाही. भोसले आल्यावर स्पर्धेपायी कांडीची जुडी झाली. नलूलाही ती दिसेनाशी झाली होती. नवऱ्याच्या नाकाबद्दल कुणी डॉक्टरला वेगळं सांगतं का?

"दिवसाला किती?" डॉक्टरबाईंचा आवाज बदलला होता.

इब्राहिमभाईंनी अभिमानानं उत्तर दिलं. "पाव किलोचा पुडा आठवडाभर पुरतो, डॉक्टरसाहेबा. लग्नसराईत दोन नेतात. पूर्ण पनवेलमध्ये इतका मोठा गिऱ्हाईक मला नाही."

"आणि चोथा थुंकता?"

"रस गिळतो," मी म्हटलं. "सगळा गुण रसात असतो."

डॉक्टरबाई माझ्या खाटेवरच बसल्या. मला वाटलं त्या रागावल्या. पण त्या हसत होत्या, सुटका झाल्यासारख्या. "हे मी कॉलेजात वाचलं होतं. समोर कधी पाहिलं नव्हतं." मग त्यांनी सांगितलं. खोकल्यापुरतं थोडंसं ज्येष्ठमध घेतलं तर बहुतेकांना काही होत नाही. पण असं मुठीमुठीनं, वर्षानुवर्षं घेतलं तर शरीर मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर फेकतं. रक्तदाब वाढतो, स्नायू आखडतात. त्यात माझं खाणं असं, की फेकलेलं भरून यायला वाट नाही. त्यात पाणी नाही. त्यात पनवेलचं ऊन.

"औषध घेत नाही म्हणालात ना?"

"हे औषध कुठंय? हे तर आवाजाचं आहे."

इब्राहिमभाईंचा चेहरा पडला होता. "तोबा. आमचे अब्बा सांगायचे, कांडी चघळा, थुंका, विसरा. हे वसंतभाऊ गिळतात हे मला काय ठाऊक? मला वाटलं घरात सगळे मिळून खातात." त्यांनी माझ्या हातातली पुडी काढून घेतली. मग उशीखाली हात घालून तिथलीही काढून घेतली. ती तिथं आहे हे त्यांना कसं कळलं, ते विचारायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी ते खजूर घेऊन आले आणि मी दोन खाईपर्यंत उठले नाहीत.

पाय की आवाज

चार-पाच दिवसांत पोटॅशियम वर चढू लागलं. रक्तदाब उतरू लागला. पाय वाचले होते, हृदय वाचलं होतं. सगळे पेढे मागत होते, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो.

कारण ज्येष्ठमध कायमचं बंद. तो आवाज माझा नव्हताच, त्या कांडीचा होता, अशी माझी पक्की समजूत होती. कांडी नसेल तर घसा चिरकेल. मग माईक भोसलेकडे, आणि मी वहीत आकडे लिहिणारा एक साधा माणूस. अण्णांनी पाय गमावला होता. मी काय गमावणार आहे ते मला स्पष्ट दिसत होतं, आणि कुणाला सांगितलं तर हसतील हेही.

पण एकदा लपवून काय झालं ते ताजं होतं. म्हणून नलूला सांगितलं.

ती हसली नाही. सुपारी कातरत म्हणाली, "मला पाय असलेला नवरा हवा. आवाज गेला तर मी सांभाळून घेईन. एवढी वर्षं आवाज होता तो सांभाळलाच की."

विरजण

घरी आल्यावर तिनं सूत्रं हातात घेतली. पहिल्या संध्याकाळी तिनं दूध कोमट करून विरजण लावलं, ते माझ्यासमोर, माझ्याकडे बघत. सकाळी घट्ट दही लागलं. सहा वर्षांनी दहीभात खाल्ला तेव्हा मी डोळे मिटले होते. आवाजाचा विचार तेवढी पाच मिनिटं मनात आला नाही.

मग रोजचं ठरलं. सकाळी केळं. नाचणीची भाकरी किंवा आंबील. एका जेवणात पालेभाजी: माठ, चवळी, शेवग्याचा पाला. मोड आलेले मूग-मटकी. दुपारी ताक. आणि पाण्याची बाटली, जिच्यावर तिनं नेलपॉलिशनं दोन रेघा ओढल्या: पहिली जेवणाच्या सुट्टीपर्यंत, दुसरी ड्यूटी संपेपर्यंत. झोपायच्या आधी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून पोटऱ्या ताणायच्या.

माझं कारण विचित्र होतं. तुमचं तसं असेलच असं नाही. बहुतेकांचे गोळे पाणी कमी, घाम फार, उभं राहणं किंवा एकाच जागी बसणं, आणि ताटात भाजी-फळं नसणं यातून येतात, असं डॉक्टरबाई सांगत. काहींचे गोळ्या-औषधांमुळे, काहींचे साखरेमुळे किंवा आणखी कशामुळे. ते ओळखणं आपलं काम नाही. आपलं काम एवढंच, की तोंडात जे जे जातं ते सगळं डॉक्टरला सांगायचं. सुपारी, काढा, मावशीनं दिलेलं चूर्ण, गालातली कांडी, सगळं. आणि पोटॅशियमचं औषध शेजाऱ्याला बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं पिऊ नये. त्याचं जास्त होणंही वाईट असतं. शिवाय ती चव. कुणी आपण होऊन पिईल असं वाटत नाही.

तीनची गाडी

तीन आठवड्यांनी मी कामावर गेलो. भोसलेनं उभं राहून खुर्ची दिली आणि नाकातून म्हणाला, "या. तुमच्याशिवाय स्टँड ओस वाटत होतं." मनानं भला म्हणालो ते उगाच नाही.

सकाळभर मी वही लिहिली आणि माईक त्यालाच दिला. बाटलीची पहिली रेघ गाठली. उठून जाऊन आलो. आभाळ कोसळलं नाही. शेवटी तीन वाजत आले, उरण गाडी फलाटाला लागली, आणि भोसलेनं माईक माझ्यापुढे सरकवला.

गाल रिकामा होता. जीभ त्या मोकळ्या जागेत जाऊन येत होती, भाडेकरू सोडून गेलेल्या खोलीत मालक फिरतो तशी. मी एक घोट पाणी प्यायलो आणि बटण दाबलं. दरबार नाही, महाराज नाहीत, नुसते शब्द: "उरणकडे जाणारी गाडी, गव्हाण फाटा, जासई मार्गे, फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे."

माझा मलाच तो आवाज परका वाटला. बारीक, साधा, रेशनच्या रांगेतल्या माणसासारखा. मी बटण सोडलं आणि खिडकीकडे बघत बसलो.

हिराबाई आल्या नाहीत.

एक मिनिट झालं, दोन झाली. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. त्या बाजारात आल्या होत्या, सकाळी मी त्यांना पाहिलं होतं. म्हणजे आवाज भोंग्याबाहेर पडलाच नसणार. मी भोसलेकडे पाहिलं. तो खाली मान घालून वही लिहीत होता, आणि ते मला फारच सूचक वाटलं.

मग काचेतून त्या दिसल्या. रिकामी पाटी काखेत, कुणाला काही न विचारता, सरळ फलाट दोनकडे निघालेल्या. मी खुर्ची मागे ढकलली, पायऱ्या उतरलो आणि धावलो. मी धावतोय हे अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं. पोटऱ्या निमूट चालत होत्या, जशा काही माझ्याशी कधी भांडल्याच नव्हत्या.

हिराबाईंचा एक पाय गाडीच्या पायरीवर होता. मागं रांग उभी होती.

"मावशी," मी धापा टाकत म्हटलं, "आज खिडकीवर विचारायला आला नाहीत?"

त्यांनी वळून आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या डाव्या गालाकडे, आणि सगळ्या रांगेदेखत बोलून गेल्या:

"आज कशाला इचारू, दादा? तुमी बोलता तां अकरा वरसांन आज पयल्यांदाच समाजला."